जनावर मागून बघणारा तुका

जनावर विकणारा ते समोरून दाखवतो, घेणाऱ्यानं ते मागून बघावं, असं तुका म्हणायचा. मोखाड्याच्या आठवडी बाजाराच्या कडेला दोन-चार गुरं विकायला येतात, तिथं तो हटकून दिसायचा. विकत काही घ्यायचा नाही. बैलाचं तोंड, दात, शिंगं बघायला माणसांची गर्दी व्हायची. हा मात्र मागं वीस पावलांवर उकिडवा बसून पाय बघायचा. मालकाला म्हणायचा, "उतारावरनं चालव." सपाटीवर कुठलाही बैल चांगला दिसतो, उतारावर सोंग निभत नाही. मग उठून घेणाऱ्याच्या कानात दोन शब्द सांगायचा आणि निघून जायचा. विकणाऱ्यांना तो डोळ्यांसमोर नको असायचा. एकदा एकानं त्याला चहा पाजून दिवसभर टपरीतच बसवून ठेवलं होतं, ते तुकाला संध्याकाळी कळलं.

मी तिथल्या एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. पण सुई हातात असली की पाड्यावर सगळे डॉक्टरच म्हणतात, आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही. शिकलो होतो ते पुस्तकातून. पायाच्या स्नायूंची नावं परीक्षेपुरती पाठ केली होती, परीक्षा झाली आणि विसरलो. ती मला पुन्हा शिकवली तुकानं, एकाही नावाशिवाय.

त्याचा पाडा वांगणीच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. पाड्याचं नाव सादडपाडा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथं देवाचा बकरा होता आणि तुका वाटे घालत होता. घरटी एक वाटा, सगळे सारखे. हे काम वर्षानुवर्षं त्याचंच. मी मिरवायला म्हणून पुढच्या पायाबद्दल काहीतरी बोललो. त्यानं माझ्याकडे न बघता बकऱ्याचा पुढचा फरा उचलला आणि खाली सुरी फिरवली. फरा अलगद सुटून त्याच्या हातात आला, सुरी हाडाला लागलीच नाही.

"बगा डाक्तर, याला धडाशी हाड नाय," तो म्हणाला. "निस्तं मांस. धड मांसाच्या झोळीत टांगलेलं हाय."

मग मागचा पाय घेतला. तो सुरीनं निघाला नाही, पिरगळून सांध्यातून उखडावा लागला. "ह्यो हाडाला हाड लावून बसवलेला. ह्यो ढकलतो, पुढचा झेलतो. ढकलणारा दुखला तर जनावर चालत नाय, झेलणारा दुखला तर उतरत नाय."

कॉलेजात हे समजायला मला अख्खं सत्र लागलं होतं. तुकानं एका बकऱ्यात संपवलं आणि वाटे मोजायला बसला.

त्याच्याबरोबर हिंडायची मग मला सवयच लागली. ससा चढावर पळतो आणि उतारावर कोलमडतो तो मागच्या लांब पायांमुळे, म्हणून त्याला वरून हाकावं, हे त्यानंच सांगितलं. लंगडणाऱ्या बैलाचं डोकं बघावं, जो पुढचा पाय टेकताना डोकं वर उडतं तो पाय दुखरा. मागचा दुखत असेल तर डोकं बघू नये, कमरेमागचा पुठ्ठा बघावा, दुखऱ्या बाजूचा जास्त हलतो. मारका बैल कुठला, हेही तो पायावरून सांगायचा. ज्याचे पाय दुखतात त्याला पळता येत नाही, आणि ज्याला पळता येत नाही तो शिंग उगारतो. "सभाव डोक्यात नाय ऱ्हात, डाक्तर. पायात ऱ्हातो." त्याच्यापुढे मी विद्यार्थी होतो. पण सरकारी माणूस असल्यामुळे तसं दाखवत नव्हतो.

तुकाचं शेत डोंगरउतारावरचं, नागलीचं आणि थोडं भाताचं. बैल एकच. शेजारची जयवंती, तिचाही बैल एकच. दोघांनी सावड केली होती. एकेक बैल घालून जोडी करायची, आधी एकाचं शेत नांगरायचं, मग दुसऱ्याचं. जयवंतीचा नवरा हेमराज ठाण्याकडे बांधकामावर परांचीवरून पडून गेला. त्याच्या मागं राहिलं ते एक गोऱ्हं. त्याचं नाव भिंगऱ्या, कारण दाव्याला बांधलं की स्वतःभोवती गरगर फिरायचं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, भिंगऱ्याचे तुकाला जन्मल्या दिवशीच दिसले होते. "ह्यो वढणारा हाय," असं त्यानं जयवंतीला तेव्हाच सांगितलं होतं.

गोऱ्हं तीन वर्षांचं झालं तसं तुकानं आपल्या चांद्याबरोबर त्याला जुवाला लावलं. चांद्या डावीकडे, भिंगऱ्या उजवीकडे. पंधरा दिवस नुसतं ओंडका ओढत चालवलं. दोघांचं पाऊल एका वेळी पडेपर्यंत त्यानं नांगर लावला नाही. जयवंतीसाठी त्या बैलाचा अर्थ साधा होता. बैल असला की तिचं शेत वेळेवर नांगरलं जायचं, वर्षाचं खायला घरात यायचं, आणि दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकात बसून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जावं लागायचं नाही. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती गेली होती. तिसऱ्या वर्षी गेली नाही, चौथ्याही वर्षी जायची नव्हती. ती मला म्हणाली होती, "डाक्तर, भट्टीवर मानूस उभं ऱ्हायचं इसरतं."

आता माझ्या पापाकडे येतो.

भिंगऱ्या जुवाला लागायच्या थोडं आधी, पावसाच्या तोंडावर मी फऱ्याची लस टोचायला सादडपाड्यावर गेलो. फऱ्या हा रोग थेट मांसात बसतो, मांडीत नाहीतर खांद्यात. मांस आतल्या आत सडतं आणि दीड-दोन दिवसांत जनावर जातं. लस दिली की रोग येत नाही, इतकं ते सोपं. त्या दिवशी वरून फोन येत होते की आज शंभराचा आकडा झालाच पाहिजे. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलमध्ये भरायचा, आणि पाड्यावर रेंज फक्त एका आंब्याखाली. मी घाईत होतो. सुई बोथट झाली होती, दुसरी काढायचा कंटाळा केला. तुकाकडे तेव्हा चांद्याच्या जोडीला स्वतःचाच खैऱ्या नावाचा बैल होता. तो बुजला, मान झटकली, आणि कातडीखाली द्यायची लस मी वर, जू बसतं त्याच्या जवळ, आत मांसात खुपसली. मला हाताला कळलं होतं, दावं धरून उभ्या तुकालाही. मी पुढच्या बैलाकडे गेलो.

दहा दिवसांनी तुका दवाखान्यात आला. "डाक्तर, खैऱ्याच्या मानेत गाठ हाय. पुढचा उजवा पाय लांब पडत नाय."

मी म्हणालो, "गाठ मानेत, मग पायाला काय झालं?"

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे बघितलं. मग माझाच दंड धरून दाखवलं, की मानेच्या बाजूनं एक लांब पट्टा निघतो आणि दंडाच्या हाडाला येऊन लागतो, पाय पुढं खेचतो तो तोच. तो मानेत दुखला की पाऊल आखडतं. त्या पट्ट्याचं नाव मी एकदा परीक्षेत बरोबर लिहिलं होतं, पण अशा वेळी ते कुठं आठवतं! "लसीची गाठ येतेच, जाईल," असं सांगून मी त्याला परत पाठवलं. गाठ पिकली, मी ती कापली, पू काढला. जखम भरली, पण जुवाची जागा कायमची टणक झाली. जू ठेवलं की खैऱ्या खाली बसायचा. त्या पावसाळ्यात तुकानं त्याला बाजारात विकला. घेणाऱ्याला त्यानं आधी गाठ दाखवली, मगच दावं हातात दिलं. सावडीत भिंगऱ्या आला तो त्यानंतर.

या सगळ्यात तुका मला एक वाकडा शब्द बोलला नाही. मीही चूक झाली म्हणालो नाही. आपले गुडघे आपल्या पोटाकडेच वळतात.

पुढच्या वर्षी पुन्हा लस घेऊन गेलो. गाई आल्या, वासरं आली, पण जुवाचा एकही बैल नाही. मी विचारलं तर पांड्या नावाचा पाड्यातला पोरगेला बाप्या म्हणाला, "बैल लांब चरायला गेलंत." सगळे तुकाकडे बघत होते आणि तुका जमिनीकडे. मला कळायचं ते कळलं. त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की नांगर पंधरा दिवसांवर आलाय, आत्ता मानेत सुई घातली तर बैल जू घेणार नाही. पाड्यावर त्याचा शब्द मोडत नाहीत. अकरा बैल त्यांनी खालच्या घळीत नेऊन ठेवले होते, कारण तिथं गवत हिरवं असतं. ते हिरवं का असतं याचा विचार कोणी केला नाही. मेलेली ढोरं टाकायची ती जुनी जागा. फऱ्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. पण लस नेमानं होत आल्यामुळे वीस वर्षांत पाड्यावर फऱ्याचं जनावर कोणी बघितलंच नव्हतं. तुकानंही नाही. गाठ त्यानं डोळ्यांनी बघितली होती, रोग नुसता ऐकला होता.

मी आग्रह धरायला हवा होता. घळीत उतरायला हवं होतं. पण आग्रह धरला असता तर कोणीतरी "मग खैऱ्याचं काय?" असं विचारलं असतं. मी मूग गिळून बसलो, गाईंचे नंबर भरले आणि ऊन चढायच्या आत परत निघालो.

चिखलणीच्या दिवसांत, सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तुका दारात उभा होता. नऊ किलोमीटर चालत आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"भिंगऱ्या मागचा उजवा टेकतो," तो म्हणाला, "पन ढकलीत नाय."

"सूज आहे?"

"नाय अजून. पन मांस त्याचं ऱ्हायलं नाय."

मी मोटरसायकल काढली, त्याला मागं घेतलं. पोचेपर्यंत सूज आली होती. भिंगऱ्या जयवंतीच्या अंगणात उभा होता, मान खाली, उजवा पाय नुसता जमिनीला लावलेला. मी मांडीवर तळहात ठेवून दाबला. कातडीखाली करकर वाजलं. कोरडा पाचोळा दाबल्यावर वाजतो तसं. हा रोग रोडक्या जनावराच्या वाटेला फारसा जात नाही. तरणं, भरल्या मांसाचं, सगळ्यांत चांगलं जनावर तो निवडतो. तुकानं तीन वर्षं बघून बघून जी मांडी निवडली होती, तीच रोगानंही निवडली.

होतं नव्हतं तेवढं पेनिसिलिन मी टोचलं. जयवंती पाणी आणून ठेवत होती, बैल पीत नव्हता. दुपारी ती सूज थंड पडली. तिला वाटलं उतरली. "आता दुकत नाय त्याला, बगा, हात लावला तरी पाय वढीत नाय," ती मला आनंदानं म्हणाली. मांस मेलं की दुखायचं थांबतं, हे मी तिला सांगू शकलो नाही. तुकानं सांगितलं. तिच्यासमोर बसून, हळू आवाजात, एकेक शब्द सांगितला. दिवस मावळायच्या आत भिंगऱ्या गेला.

खोल खड्डा खणून, मीठ घालून त्याला पुरला. चांद्याला तुकानं कुंपणाशी बांधलं होतं. वर्षभर उजवीकडे भिडू घेऊन चालल्यामुळे तो उभाही उजवीकडे कलून राहायचा. तिथं आता कोणी नव्हतं, तरी तो कललेलाच होता.

हात धुऊन आम्ही अंगणात आलो तेव्हा जयवंतीनं तुकाला विचारलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"तुकादादा, सुई नको म्हनलास, तवा तुला ठावं होतं का वाटलं होतं?"

तुका तिच्यासमोर उकिडवा बसला. "वाटलं" म्हणाला असता तर निम्मं ओझं उतरलं असतं. चूक काय, कोणाचीही होते.

"ठावं होतं," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं. सुईनं बैल जू टाकतो, हे त्याला ठाऊकच होतं. मी ते त्याला शिकवलं होतं. मी तिथंच, त्या दोघांपासून चार हातांवर टॉवेलनं हात पुसत उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

त्या आठवड्यात आणखी दोन बैल गेले. उरलेल्यांना मी वरातीमागून घोडं न्यावं तशी लस टोचली. या वेळी नवी सुई, योग्य जागा, एकालाही गाठ नाही. पांड्याचा बैल मेलेल्यांत होता. तो सगळ्यांदेखत तुकाला म्हणाला, "लय मोटा झालास तू, डाक्तरच्या वर! तुज्यामुळं आमचं वाटोळं झालं." बाकीचे गप्प होते, म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं होतं. तुका म्हणाला, "व्हय, माज्यामुळं." खैऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही. खैऱ्याला काय झालं होतं हे सगळ्या पाड्याला माहीत होतं, पण ती गाठ कशानं झाली हे फक्त आम्हा दोघांना. पाड्यावर सगळे समजत होते की लसच तशी, औषधच जड.

तुकानं चांद्याचं दावं नेऊन जयवंतीच्या दारात बांधलं. तिनं दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं. एका बैलानं नांगर चालत नाही, आणि चांद्या दुसऱ्या कोणाशी पाऊल जुळवीना. तिचं शेत त्या वर्षी तसंच राहिलं. दिवाळी झाली आणि ती ट्रकात बसून भट्टीवर गेली. त्या सकाळी तुका रस्त्यापर्यंत गेला होता, असं मला पांड्याच्या बायकोनं सांगितलं. जयवंती त्याच्याशी बोलली की नाही, ते तिला दिसलं नव्हतं.

त्यानंतर तुका बाजारात दिसेनासा झाला. कोणी त्याला बैल बघायला बोलवत नव्हतं, आणि बोलावलं तरी तो गेला नसता. देवाच्या बकऱ्याचे वाटे दुसराच कोणीतरी घालू लागला. ते सारखे होत नसत, त्यावरून भांडणं होत. तुका आपला वाटा उचलून घरी जायचा.

पुढच्या लसीच्या दिवशी सादडपाड्याची झाडून सगळी जनावरं आली. तुका चांद्याला घेऊन रांगेत शेवटी उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "तुका, आज मी सगळ्यांना सांगतो. खैऱ्याची गाठ माझ्या हातानं झाली. लसीचा दोष नव्हता, तुझाही नव्हता."

"नको," तो म्हणाला.

"का नको? तू किती दिवस हे वागवणार?"

त्यानं चांद्याची मान धरून मला जागा मोकळी करून दिली. "डाक्तर, माज्यावरचा भरवसा गेला तर एका म्हाताऱ्यावरचा गेला. तुमच्यावरचा गेला तर उद्या सुईपाशी जनावर कोन आननार? पुन्हा घळीत नेतील. तुमी टोचा."

मी टोचलं. तो बोलला ते बरोबर होतं, आणि मला सोयीचंही होतं. त्याच्या शहाणपणाआड मी लपलो, हे मला तेव्हाही कळत होतं.

यंदा माझी बदली झाली. आता तरी सांगायचं, असं ठरवून मी शेवटचा पाड्यावर गेलो. मी जातोय तर माझ्यावरच्या भरवशाचं काय घेऊन बसायचं, नवा माणूस नव्या सुया घेऊन येईल. पाहतो तर आंब्याखाली सतरंजी अंथरलेली. पाड्यानं माझा निरोप समारंभ ठेवला होता. जयवंती नव्हती, अजून भट्टीवरून परतली नव्हती. पांड्यानं मला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, आणि उभा राहून म्हणाला, "या सायबांनी आमाला येळेवर सांगितलं व्हतं. आमीच ऐकलं नाय, दुसऱ्याचं ऐकलं. आमचं आठ बैल या सायबांमुळं वाचलं." मग म्हणाला, "सायेब, दोन शब्द बोला."

मी उठलो. लोक शांत झाले. सगळ्यांत मागं, सतरंजी संपते तिथं मातीवर तुका उकिडवा बसला होता. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, पायांकडे बघत होता. उठलो तिथून माझं पाऊल पुढं पडत नव्हतं. मी पाड्याचे आभार मानले, तुमचं प्रेम कधी विसरणार नाही म्हणालो आणि खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुकानंही वाजवल्या.